मानेवरचं ऊन

आम्ही थॉर्नबेकला पोहोचलो तेव्हा गॅमलचा एक कान कापून झाला होता आणि सरदार फुल्क दुसऱ्या कानाबद्दल बोलत होता.

"हा राहू दे," तो शिपायाला म्हणाला. "मी काय म्हणतो ते त्याला ऐकू यायला हवं."

शिपाई हसले. गॅमल हा त्या गावचा कारभारी, पन्नाशीचा, उंच हाडांचा माणूस. तो गोठलेल्या चिखलात गुडघ्यांवर बसला होता आणि कानाच्या जागी स्वतःचीच टोपी दाबून धरत होता. त्याच्यामागे गावातले आणखी सहा पुरुष एकाच दोरात गळ्यांनी बांधलेले होते. दोराचं टोक एका घोड्याच्या खोगिराला होतं. घोडा गवत शोधत एक पाऊल पुढे टाकायचा आणि सहाही माना एकदम ओढल्या जायच्या.

आमच्या नॉर्मन राजाने बंडाच्या सूडात इंग्रजांचा उत्तरेचा मुलूख जाळला, त्याच्या पुढच्या वर्षाचा तो नोव्हेंबर. मी सव्वीस वर्षांचा होतो. नॉर्मंडीहून येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि मठाच्या रुग्णालयाचं काम माझ्याकडे होतं. रोग्यांशी बोलून बोलून मी इंग्रजी शिकलो होतो. मठात दुसऱ्या कोणालाच ती धड येत नव्हती आणि याचा मला अभिमान होता.

राजाचा कायदा असा होता. नॉर्मन माणूस मारलेला सापडला तर गावाने पाच दिवसांत मारेकरी हजर करायचा, नाहीतर सगळं गाव दोषी. मेलेला इंग्रज असेल तर मात्र कोणी काही विचारत नसे. त्यामुळे प्रेत सापडलं की त्याला कोणी मारलं हे आधी कोणी विचारायचंच नाही. मेलेला नॉर्मन की इंग्रज, एवढंच आधी ठरवायचं. इंग्रज असेल तर त्याच्या रक्ताच्या माणसाने पुढे येऊन, संतांच्या अस्थींवर हात ठेवून, हा आमचा आहे असं सांगायचं.

त्या दिवशी पाचवा दिवस होता.

थॉर्नबेकच्या मधून ओढा जातो. पूर्वेचा काठ फुल्कच्या जहागिरीत होता, पश्चिमेचा मठाच्या. प्रेत पश्चिमेला, पाणचक्कीच्या वाटेवर सापडलं होतं. गाव दोषी ठरलं असतं तर तो काठही राजाच्या नावाने फुल्ककडे गेला असता. मठाधिपती इव्हो यांनी मला वाटेतच सांगून ठेवलं होतं, "तो इंग्रज आहे, सेर्लो. बघून घे आणि तसं सांग."

"न बघताच कसं कळलं, फादर?"

"चक्की आपली आहे, त्यावरून."

फुल्कने आम्हाला पाहिलं. रुंद खांद्यांचा, पुढचा एक दात नसलेला माणूस. बारा मैलांवर टेकडीवर त्याची लाकडी गढी होती आणि ती बांधताना त्याने चार गावं उठवली होती.

"या फादर," तो म्हणाला. "हेच का तुमचे डोळे? काय दिसलं पाहिजे ते सांगून आणलंत ना त्यांना?"

"मला जे दिसेल ते मी सांगेन," मी म्हणालो.

"अरे वा. मठात असं चालतं?"

शिपाई पुन्हा हसले. माझे कान तापले. आज वाटतं, मी काय बोलणार ते तिथेच अर्धं ठरलं.

प्रेत एका घराचं दार काढून दोन पिंपांवर ठेवलं होतं. थंडीमुळे ते टिकलं होतं. अंगात इंग्रज शेतकऱ्याचा जाडाभरडा सदरा. चेहरा दगडांनी ठेचलेला, नाक आणि जबडा एक झालेले. डोकं पूर्ण भादरलेलं. कवटीला मागच्या बाजूने एकच खोल घाव होता, आणि मरण त्या घावानेच आलं होतं. चेहऱ्यावरच्या जखमांतून रक्त जवळजवळ आलेलं नव्हतं, म्हणजे चेहरा नंतर ठेचला होता.

मी सदरा काढायला लावला आणि पायांपासून सुरुवात केली. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या टाचांना भेगा असतात. याच्या टाचा मऊ होत्या. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडी जाड आणि गुळगुळीत झाली होती, केस झिजले होते. हे खोगिराचं काम. खांद्यांवर आणि मानेच्या खोबणीत तांबूस डाग होते, धुऊनही न गेलेले. लोखंडी कड्यांच्या चिलखताचा गंज घामाबरोबर कातडीत मुरतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक स्वाराच्या अंगावर मी तो पाहिला होता.

मग मी डोकं उचलून मागून पाहिलं. इंग्रज केस लांब ठेवतात, आमचे स्वार मागून कानांपर्यंत मान भादरून घेतात. हे लपवायला कोणीतरी सगळंच डोकं भादरलं होतं, हुशारीने. पण टाळू पांढरीफटक होती आणि कानांच्या रेषेखाली मान उन्हाने रापलेली. त्या मानेवर कित्येक महिने केस नव्हते.

मी स्वतःवर खूश झालो. असं प्रेत वाचलेलं मी कोणाकडून ऐकलं नव्हतं.

"याचं कोण आहे?" मी इंग्रजीत विचारलं.

एक बाई पुढे आली. चाळिशीची असेल, पण त्या दोन वर्षांनी त्या भागात सगळ्यांचंच वय वाढवलं होतं. तिचं नाव सुन्निव्हा. गॅमलची धाकटी बहीण.

"माझा मुलगा आहे, बाबा."

"नाव?"

"ऑर्म."

"काय करायचा?"

तिने गॅमलकडे पाहिलं. "नांगर धरायचा."

"गाव सोडून कधी गेला होता?"

"नाही."

"घोड्यावर बसायचा?"

"आमच्याकडे घोडा कुठला, बाबा. बैल होते, ते तुमच्या लोकांनी मारले."

"डोकं का भादरलं?"

"ताप आला होता."

प्रत्येक उत्तर खोटं होतं आणि प्रत्येक उत्तर पाठ केलेलं होतं. मी फुल्ककडे पाहिलं. त्याने भुवया उंचावल्या. तेवढ्यात ती आपण होऊन बोलली, आणि या वेळी गॅमलकडे न बघता.

"डाव्या गुडघ्यामागे बघा. तीन वर्षांचा होता, चुलीवरचं चरबीचं भांडं ओढलं होतं त्याने."

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं आणि पाय वळवून पाहिलं. गुडघ्यामागे तळहाताएवढा जुना, सुरकुतलेला डाग होता.

"आहे?" फुल्कने विचारलं.

"आहे."

मठाधिपतींनी सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र तिच्याकडे वळलो. "याला धुतलं कोणी?"

"मी."

"सदरा कोणी घातला?"

"मीच."

"म्हणजे याच्या अंगावरचा एकेक डाग तू पाहिला आहेस."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी आई आहे याची."

"आई नसतीस तरी हा डाग तुला माहीत असता," मी म्हणालो. उत्तर बिनतोड होतं.

फुल्कने मला पिंपांपासून दूर नेलं. खांद्यावर हात टाकला, जणू आम्ही एकाच गावचे होतो. "हे बघ बंधू, मला गाव मारायचं नाही. मेलेल्या माणसांकडून शेत होत नाही. तू खरं ते सांग. ज्याने मारलं तेवढा एक मी घेतो, बाकीचे घरी जातील. माझा शब्द."

मठाधिपती काही अंतरावरून माझ्याकडे बघत होते आणि हळूच मान हलवत होते, नको म्हणून.

मला माझा थोरला भाऊ आठवला. गोसलँ. दोन वर्षांपूर्वी उत्तरेच्या शहरात बंड झालं तेव्हा किल्ल्यातले आमचे लोक कापले गेले. त्यांना नागवं करून एका खड्ड्यात टाकलं होतं. मी तिथे पोहोचलो तेव्हा खड्डा बुजवून झाला होता आणि आत कोण आहे ते कोणालाच सांगता येत नव्हतं. आता इथे दारावर पडलेला हाही कोणाचा तरी भाऊ असेल, आणि एक परकी बाई त्याला आपल्या मुलाच्या नावाने पुरायला निघाली आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शिवाय फुल्क एकालाच घेणार होता. मारेकऱ्याला.

मी मठातून आणलेल्या संतांच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवला आणि सांगितलं की हा नॉर्मन स्वार आहे. टाचा, मांड्या, गंज, मान, सगळं एकेक करून सांगितलं, आधी फ्रेंचमध्ये, मग गावाला कळावं म्हणून इंग्रजीत.

मी मानेबद्दल बोलत असताना गॅमल उठून उभा राहिला.

"मी मारला," तो म्हणाला. "मी एकट्यानेच."

मी ते फुल्कला सांगितलं.

"एकट्याने?" फुल्क प्रेताजवळ जाऊन वाकला. "एवढं तोंड एकटा ठेचेल? काय बंधू? तूच म्हणालास, दिसेल ते सांगणार. किती जणांचं काम आहे?"

मी बघितलं. मी खरोखर नीट बघितलं. "दगड वेगवेगळे आहेत. एक धारदार, एक गोल. घावांच्या दिशा निरनिराळ्या. तीन किंवा चार जण."

"चार," फुल्क म्हणाला. "याच्यासकट चार घ्या."

"तुम्ही एक म्हणाला होतात."

"मारेकरी म्हणालो होतो. ते किती हे तूच सांगितलंस." तो शिपायांकडे वळला. "उरलेल्या तिघांना उद्या. घोडा आणि चिलखत कुठे लपवलंय ते आठवायला त्यांना वेळ द्या."

चक्कीच्या छपराबाहेर पोती वर ओढायची तुळई होती. दोर तिच्यावरून टाकले. पायांखालून काढायला मोकळं पिंप नव्हतं की शिडी नव्हती. माणूस बांधायचा आणि तिघांनी मिळून ओढायचा. पहिला, दुसरा, तिसरा. त्यांना मरायला लागलेला वेळ मी मोजला नाही, पण मी त्या वेळात मृतांसाठीची प्रार्थना तीनदा पूर्ण केली. गॅमल शेवटचा. तो उंच होता. त्याला पूर्ण वर ओढला तरी पायांचे अंगठे जमिनीला टेकत होते. तो त्या अंगठ्यांवर नाचल्यासारखा फिरत राहिला. एका शिपायाने कंटाळून फावडं आणलं आणि त्याच्या पायांखालची माती काढली. माती गोठलेली होती, त्याला वेळ लागला. त्याचा दुसरा सोबती म्हणाला, "जरा जोर लाव, जेवायचंय." मग अंगठे सुटले.

पश्चिमेची घरं पेटवून दिली. एक म्हातारा गवताची पेंढी वाचवायला आत शिरला, तो बाहेर आला नाही. एका बाईने शिपायाच्या हातातलं कोकरू धरून ठेवलं, तर त्याने कोकरावरून तिच्या बोटांवर तलवार चालवली आणि कोकरू घेऊन गेला.

या सगळ्यात सुन्निव्हा प्रेताजवळून हलली नव्हती. जळत्या छपरांतून पेटलेलं गवत उडत येत होतं आणि प्रेताच्या छातीवर, पोटावर पडत होतं. ती ते उघड्या हातांनी उचलून बाजूला टाकत होती. एकेक काडी. मला वाटलं, किती नेटाने सोंग चालवते आहे ही. आता कोणासाठी?

मी जवळून गेलो तेव्हा ती म्हणाली, "त्याला झाकायला तरी काही द्या, बाबा."

मी माझा झगा दिला नाही. थंडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर रुग्णालयात एक अनोळखी स्वार आला. तुस्तां नावाचा. दोन दिवसांच्या वाटेवर दक्षिणेला एक गढी होती, तिथल्या स्वारांचा नाईक. चिलखत घासून काखेत गळू झालं होतं. मी त्याला बाकावर आडवा करून सुरी तापवायला ठेवली.

"इकडे कुठे?" मी विचारलं.

"माणूस शोधतोय. रोबेर नावाचा. खरं सांगायचं तर घोडा शोधतोय, घोडा माझा आहे." तो हसला. "आईला भेटून येतो म्हणून आठवड्याची रजा मागितली गड्याने. आता दहा दिवस झाले."

"नॉर्मंडीहून आई आली आहे त्याची?"

"नॉर्मंडी कुठली. इंग्रज आहे तो."

मी सुरी उचलली होती.

"दोन वर्षांपूर्वी आमच्या फाटकाशी पडला होता, हाडांचा सापळा. तबेल्यात ठेवला. सहा महिन्यांत माझ्याहून बरा बसायला लागला. मग चिलखत मागितलं, मान भादरून घेतली, नाव बदललं. पोरं चिडवायची त्याला. शिव्या आमच्या भाषेत द्यायचा, अगदी झकास. पण झोपेत बडबडायचा ती इंग्रजीतच."

"गाव कोणतं त्याचं?"

"काट्याकुट्याचं काहीतरी नाव. थॉर्न... अरे, हळू. किती खोल जातोस?"

मी पट्टी कशीबशी बांधली. हात वर होईना म्हणून शोध सोडून तो दक्षिणेला परत निघाला आणि मी खेचर घेतलं. थॉर्नबेक सहा मैल. वाटेभर मी माझी प्रत्येक खूण पुन्हा तपासत होतो. टाचा बरोबर. मांड्या बरोबर. गंज बरोबर. मान बरोबर. एकही खूण चुकीची वाचली नव्हती.

सुन्निव्हा जळलेल्या घरामागे खड्डा खणत होती. वरची माती राखेमुळे मऊ झाली होती, खालची दगडासारखी होती. तिच्या हातांना फोड आले होते. ऑर्म शेजारी त्याच दारावर होता. त्याच्यावर तिची स्वतःची ओढणी होती.

"तो घोड्यावर बसायचा," मी म्हणालो. "तू का नाही सांगितलंस?"

ती खणत राहिली. "मला कुठे माहीत होतं."

"तुला माहीत नव्हतं?"

"दोन वर्षांपूर्वी भुकेच्या दिवसांत गेला. दक्षिणेला काम बघतो म्हणाला. मेला असंच मी धरून चालले होते." तिने फावडं टेकवलं. बोलताना तिचा आवाज कुठेही चढला नाही. "त्या संध्याकाळी चक्कीच्या वाटेवर एक स्वार उतरून घोड्याला पाणी पाजत होता. गॅमलला मागून नुसती मान दिसली. भादरलेली. त्याने कुऱ्हाड घातली. बाकीच्यांनी मग अंधारात दगड घातले. राग होता, दुसरं काय. चिलखत काढून दोन दिवस वाटेकडेच्याच झुडपात ठेवला होता. मग तुमचे शिपाई घोड्याच्या टापांचा माग काढत आले, तेव्हा सगळे माझ्याकडे आले. म्हणाले, सुन्निव्हा, तुझा ऑर्म गेलेला आहे, त्याला विचारणारं कोणी नाही. हा तुझा ऑर्म म्हण."

"आणि तू हो म्हणालीस."

"हो म्हणाले. त्यांनी उत्तरं पाठ करून घेतली माझ्याकडून. मग मी त्याला धुवायला घेतलं, आणि पाय वळवला."

तिने फावडं पुन्हा हातात घेतलं.

"गॅमलला सांगितलं नाही मी. त्यानेच खांद्यावर खेळवलं होतं त्याला. सांगितलं असतं तर तो तुमच्यापुढे उभाच राहू शकला नसता. म्हटलं, शपथ तर आता खरीच आहे. खऱ्या शपथेला काय व्हायचंय."

चक्कीच्या बाजूने शिपायांचे आवाज येत होते. मी तुस्तांकडून ऐकलेलं तिला सांगितलं. तबेला, चिलखत, रजा. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"ते लोक त्याला काय म्हणायचे?"

"रोबेर."

"रोबेर," तिने म्हणून पाहिलं. तिला ते नीट जमलं नाही. "आणि घोडा आम्ही खाल्ला, बाबा. मीही खाल्ला."

मी चक्कीकडे धावलो. ती मागून येत होती.

तिथे दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर फुल्क, एकीवर मठाधिपती, मध्ये लिहिणारा कारकून. काल लटकवलेले चौघे अजून तिथेच होते, त्यांच्या अंगावर पांढरं दव गोठलं होतं. उरलेले तिघे दोरात, भिंतीशी. त्यांतला आर्किल नावाचा म्हातारा मला ओळखत होता. मागच्या वर्षी मी त्याचा दात काढला होता.

"ये सेर्लो," मठाधिपती म्हणाले. त्यांचा चेहरा कालच्यापेक्षा बराच शांत होता. "सरदारांशी बोलणं झालं. चक्की आणि हा काठ त्यांना जातो. बदल्यात टेकडीपलीकडचं ओकचं जंगल आपल्याला. तीनशे डुकरं चरतील एवढं आहे. वाईट नाही."

"तो इंग्रज होता, फादर," मी म्हणालो. "तो हिचाच मुलगा आहे."

मी सगळं सांगितलं. फुल्कने मध्येच थांबवलं नाही. शेवटी त्याने हिरड्यांवरून जीभ फिरवली.

"हे सांगणारा स्वार कुठे आहे?"

"गेला. तो दक्षिणेला परत गेला."

"म्हणजे पुन्हा तूच. काल अस्थींवर हात ठेवून नॉर्मन म्हणालास."

"काल मी चुकलो."

"शपथेवर कोणी चुकत नसतं, बंधू. शपथ खरी असते नाहीतर खोटी. काल या बाईला हेच शिकवत होतास ना?" तो खुर्चीत पुढे सरकला. त्याला मजा येत होती, पण तो थट्टा करत नव्हता. "खोटी होती म्हण. मी हे तिघे सोडतो. चक्की सोडतो, जंगल ठेवून घेतो, कागद फाडतो. फादर साक्षीला आहेत. पण खोट्या शपथेचा हात कापायचा असतो. हा कायदा मी केलेला नाही, तुमचे बिशप मान हलवून बसले होते तेव्हा झालाय."

एका शिपायाने जळणातला एक ओंडका पायाने ढकलत आणला आणि माझ्यासमोर उभा केला. त्यावर कालच्या कोकराचं रक्त होतं.

"काय म्हणतात ते, बाबा?" आर्किलने भिंतीजवळून विचारलं. आम्ही फ्रेंचमध्ये बोलत होतो. "आमचं काही चाललंय का?"

मी ओंडक्याकडे बघत होतो.

मठाधिपती उठून माझ्या कानाशी आले. "रुग्णालयात आज बावीस माणसं आहेत, सेर्लो," ते हळू म्हणाले. "त्यांचा विचार कर. आणि याने काल शब्द मोडला, आज कशावरून पाळेल?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी बावीस माणसांचा विचार केला. कोणाची जखम शिवायची होती, कोणाचं हाड बसवायचं होतं, ते एकेक करून आठवलं. सुन्निव्हा ओंडक्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. तिला भाषा कळत नव्हती, पण ओंडका काय करतो ते त्या भागात सगळ्यांनाच माहीत होतं.

"ठरलं का?" फुल्कने विचारलं.

मी उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो असेन, कारण कारकुनाने दौतीचं झाकण लावलं.

"बरं," फुल्क म्हणाला. "म्हणजे कालची शपथ खरी."

आर्किलचा नंबर पहिला लागला. त्याला कळेपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता. तुळईवर आता जागा कमी होती, म्हणून गॅमलला खाली काढावं लागलं. त्याला आडवा ठेवायला कोणीतरी ओंडका बाजूला केला.

ओकचं जंगल मठाकडे अजून आहे. डुकरं चांगली होतात. फुल्क तीन वर्षांनी तापाने गेला. त्याच्या अखेरच्या आजारात मीच त्याच्या उशाशी होतो. त्याने या प्रकरणाची आठवणही काढली नाही.

सुन्निव्हा त्यानंतर एकदाच दिसली, दोन वर्षांनी, कापणीच्या दिवसांत. मठाच्या दाराशी गरिबांना औषध देत होतो, त्या रांगेत ती होती. विळ्याने पोटरीला खोल वार बसला होता. तिने मला ओळखलं की नाही हे कळेना. मी जखम धुतली, सुई ओवली, आठ टाके घातले. ती पायाकडे बघत नव्हती. पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती.

मी दोरा तोडला तेव्हा ती उठली आणि पाय टेकवून बघितला.

"चांगला चालतो," ती म्हणाली.

"दोन दिवस भार देऊ नकोस," मी म्हणालो.

"पाय नव्हे, बाबा," ती म्हणाली आणि गेली.